'उलटतपासणी नाकारली'

२०११ सालची गोष्ट. मी तेव्हा कॅप्टन होतो, पंजाबातल्या एका छावणीत. शेजारच्या एका युनिटमधल्या हवालदारावर डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल, म्हणजे किमान तीन अधिकाऱ्यांचं लष्करी न्यायालय, बसणार होतं. बचावाबद्दल विचारल्यावर त्याने लिहून दिलं होतं, की मराठी बोलणारा अधिकारी मिळावा. आर्मी रूल्स, १९५४ मधला ९५वा नियम सांगतो की आरोपीला बचावासाठी अधिकारी हवा आहे का हे विचारायचं, आणि हवा असेल तर योग्य माणूस मिळवून देण्याचा शक्य तेवढा प्रयत्न करायचा. ही जबाबदारी कोर्ट बसवणाऱ्या अधिकाऱ्याची. मराठी बोलणाऱ्यांची शोधाशोध झाली आणि 'डिफेंडिंग ऑफिसर' म्हणून माझ्या नावाचं पत्र निघालं.

मी वकील नाही. बढतीच्या 'पार्ट बी' परीक्षेत लष्करी कायद्याचा एक पेपर असतो, तेवढाच माझा कायद्याशी संबंध आलेला. पण त्या कोर्टात डिफेंडिंग ऑफिसरला अधिकार वकिलाचेच असतात आणि कर्तव्यंही. साक्षीदार तपासायचे, उलटतपासणी घ्यायची, हरकती नोंदवायच्या, शेवटी बचावाचं भाषण करायचं. आरोपीला स्वतःच्या खर्चाने बाहेरचा वकीलही आणता येतो. हवालदाराने चौकशी केली होती, पण फी ऐकून तो विचार सोडून दिला होता. दोन मुलींची शिक्षणं चालू होती.

आरोप स्टोअरचा होता. तो युनिटच्या क्वार्टरमास्टर शाखेत कपड्यांचं स्टोअर सांभाळायचा. क्वार्टरमास्टर, म्हणजे युनिटचं सामान सांभाळणारा अधिकारी, बदलला, चार्ज देताना-घेताना मोजणी झाली आणि थंडीतल्या स्लीपिंग बॅगांमध्ये तूट निघाली. लेजरमध्ये आकडा एक, रॅकवर माल कमी. आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम ५२ खाली सरकारी मालाचा अप्रामाणिकपणे अपहार, हा पहिला आरोप. दुसरा कलम ६३ खाली, म्हणजे शिस्तीला बाधक वर्तन: लोन रजिस्टर, म्हणजे तात्पुरत्या दिलेल्या मालाची नोंदवही, नीट ठेवलं नाही.

डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलला दोन वर्षांपर्यंत कैद देता येते. पण हवालदाराच्या मनात कैदेची भीती नव्हतीच. त्याची एकोणीस वर्षं सेवा झाली होती. जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनचा हक्क मिळतो, आणि आर्मी ॲक्टखाली 'डिसमिस' झालेल्या माणसाचा तो हक्क जातो. कोर्टाने कैद एक दिवसाचीही दिली नाही, फक्त बडतर्फ केलं, तरी एकोणीस वर्षांच्या नोकरीचं घरात काहीही येणार नव्हतं. हे ज्याला कळतं त्यालाच त्या माणसाची झोप का उडाली होती ते समजेल.

पहिल्या भेटीत तो सावधान उभा राहिला आणि बसायला तयार होईना. माझ्यापेक्षा वयाने दहा वर्षं तरी मोठा. मी म्हटलं, "हवालदार, तुम्ही बसल्याशिवाय मी फाइल उघडणार नाही." मग खुर्चीच्या कडेवर टेकला. बोलताना हिंदीत सुरुवात करायचा. मी मराठीत विचारत राहिलो, तेव्हा कुठे जत तालुक्यातली त्याची बोली बाहेर पडली आणि गोष्ट नीट सांगता आली.

त्याने सांगितलेली गोष्ट अशी. तो वार्षिक रजेवर गावी गेला असताना युनिटची एक तुकडी फायरिंग रेंजवर गेली. तिच्यासोबत बाहेरच्या एका युनिटचे जोडलेले लोकही होते. रजेवरून आल्यावर स्टोअरमनने त्याला सांगितलं, की काही बॅगा तात्पुरत्या दिल्यात, चिठ्ठी आहे, परत येतील. ती चिठ्ठी त्याने पाहिली होती. तुकडी परतली, जोडलेले लोक आपापल्या ठिकाणी गेले. सगळ्या बॅगा परत आल्या का, हे विचारायला तो दोनदा वरिष्ठांकडे गेला. दोन्ही वेळा उत्तर आलं, बघू. मग क्वार्टरमास्टरची बदली झाली आणि चिठ्ठीही कुठे सापडेना.

मी विचारलं, "हे तुम्ही चौकशीत सांगितलंत का?"

"कोणी विचारलंच नाही, साहेब."

त्या रात्री मी सगळे कागद वाचले. कोर्ट मार्शलचा निकाल कोर्टात लागतो असं बाहेरच्यांना वाटतं. माझं मत तेव्हा बनलं आणि आजही बदललेलं नाही: बहुतेक खटल्यांचा निकाल त्याआधीच्या कागदांत लागलेला असतो.

कागदांची पहिली पायरी 'कोर्ट ऑफ एन्क्वायरी'. नावात कोर्ट असलं तरी हे न्यायालय नव्हे, तथ्य शोधणारी चौकशी आहे. तिथलं बोलणं पुढे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सहसा वापरता येत नाही. पण चौकशीत ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी नावलौकिकावर डाग येऊ शकतो, त्याला १८०वा नियम मोठा हक्क देतो. पूर्ण वेळ हजर राहायचं, प्रत्येक साक्षीदाराला प्रश्न विचारायचे, आपले साक्षीदार आणायचे. दुसरी पायरी नियम २२ची. कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ साहेब, स्वतः आरोप ऐकतात. हीच ती पेशी. टोपी-बेल्ट उतरवून मार्च करत आत न्यायचं, आरोप वाचायचा, साक्षीदार उभे करायचे. इथेही आरोपीला उलटतपासणीची पूर्ण मुभा. सीओंना आरोप इथेच निकालात काढता येतो, कलम ८० खाली स्वतः शिक्षा देता येते, किंवा पुराव्याचा सारांश लिहून घ्यायचा हुकूम देता येतो. तो सारांश, 'समरी ऑफ एव्हिडन्स', ही तिसरी पायरी. एक अधिकारी बसतो, प्रत्येक साक्षीदाराचं म्हणणं आरोपीसमोर लिहून घेतो, वाचून दाखवतो, सही घेतो. आरोपीने विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरंही त्यात जोडायची असतात. शेवटी आरोपीला सावध करायचं असतं: बोलायचं बंधन नाही, पण बोललात तर ते लिहिलं जाईल आणि पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकेल.

तीन पायऱ्या, तिन्ही ठिकाणी प्रश्न विचारायचा हक्क. आणि माझ्यापुढच्या कागदांवर प्रत्येक साक्षीखाली तेच वाक्य टाइप केलेलं, खाली हवालदाराची सही: आरोपीने उलटतपासणी नाकारली. क्वार्टरमास्टरच्या साक्षीखाली. मोजणी करणाऱ्या बोर्डाच्या अध्यक्षाच्या साक्षीखाली. सुभेदार साहेबांच्या साक्षीखाली. स्टोअरमनच्या साक्षीखालीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी ती पानं त्याच्यापुढे ठेवली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, समोर मेजर साहेब खुर्चीवर. मी उभा. माझ्या पोस्टिंगचे, रजेचे, बढतीचे कागद त्यांच्या सहीने जातात. त्यांना मी म्हणायचं, तुम्ही खोटं बोलता?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि कायद्याच्या कुठल्या पुस्तकातही ते नाही. नियम लिहिणाऱ्यांनी हक्क दिला. पण ज्या माणसाला भरती झाल्यापासून वरिष्ठाच्या शब्दाला 'जी साहब' म्हणायला शिकवलं, त्याने अमुक एका सकाळी त्याच वरिष्ठाला आडवे-तिडवे प्रश्न विचारायचे, ही अपेक्षाच मुळात अवघड आहे. शिस्तीशिवाय फौज चालत नाही हे मी जाणतो, तीच शिस्त मीही पाळली. पण तिच्यामुळे निर्माण होणारं मौन हा गुन्ह्याचा कबुलीजबाब समजला जाऊ नये, एवढी काळजी व्यवस्थेने घ्यायलाच हवी. सारांश लिहायच्या आधीच, निदान त्या तिसऱ्या पायरीला, आरोपीशेजारी एक जाणता माणूस बसवला तर कितीतरी खटले कोर्टापर्यंत पोचणारच नाहीत.

एका बाबतीत मात्र त्याचं नशीब चांगलं होतं. त्याचा खटला 'समरी कोर्ट मार्शल'पुढे गेला नाही. कोर्ट मार्शलचे चार प्रकार आहेत. जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी लागतात, डिस्ट्रिक्ट आणि समरी जनरलला किमान तीन. समरी कोर्ट मार्शलमध्ये सीओ एकटेच न्यायालय असतात. दोन अधिकारी किंवा जेसीओ (सुभेदारासारखे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) हजर असतात, पण त्यांना मत नसतं, शपथही नसते. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचे असतील तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतात, बडतर्फही करू शकतात. आरोपी आपल्यासोबत मदतीला कोणाला आणू शकतो, पण त्या माणसाला तिथे साक्षीदाराला एक प्रश्नही विचारता येत नाही. युद्धभूमीवर, जिथे दुसरं काही शक्यच नाही, तिथे या तरतुदीचं कारण मला समजतं. शांततेच्या छावणीत, जिथे तीन अधिकारी अर्ध्या तासात गोळा होतात, तिथे ती का वापरायची हे मला कधीच पटलेलं नाही.

आरोपपत्र हातात पडल्यापासून कोर्टापुढे उभं राहण्यापर्यंत किमान ९६ तास द्यावे लागतात. आम्हाला त्याहून बराच अधिक वेळ मिळाला, कारण मी कागद मागत राहिलो. लोन रजिस्टर, लेजर, रजेचं प्रमाणपत्र, रेंजवर गेलेल्या तुकडीचा हुकूम. आणि क्वार्टर गार्डचं, म्हणजे युनिटच्या मुख्य पहाऱ्याच्या चौकीचं, चावी रजिस्टर.

हे चावी रजिस्टर हवालदारालाच सुचलं. मी त्याला त्याच्या रजेतल्या दिवसांबद्दल पुन्हा पुन्हा विचारत होतो आणि तो मध्येच थांबून म्हणाला, "साहेब, स्टोअर उघडलं तर चावी क्वार्टर गार्डमधूनच निघाली असणार की." प्रत्येक स्टोअरची चावी संध्याकाळी क्वार्टर गार्डमध्ये जमा होते आणि सकाळी सही करून काढतात. कोणी काढली, किती वाजता, परत कधी आली, हे गार्ड कमांडर लिहून ठेवतो. एन्क्वायरीत कोणीही हे रजिस्टर मागवलं नव्हतं. ते जुनं म्हणून बांधून ठेवलेलं होतं, पण जागेवर होतं. हवालदार जतला असताना स्टोअरची चावी स्टोअरमनच्या सहीने निघाल्याची नोंद त्यात मिळाली, रेंजची तुकडी निघायच्या आदल्या दिवशीची.

याच सुमारास त्याच्यावर दुसऱ्या बाजूने दडपण येत होतं. वाईट हेतूने नव्हे. त्याच्या भल्याचं म्हणून सांगणारे लोक होते. गुन्हा कबूल कर, कोर्टाचा वेळ वाचव, शिक्षा हलकी होईल. एका संध्याकाळी तो हेच बोलायला आला. मी त्याला कलम ५२ खालच्या कबुलीचा अर्थ समजावून सांगितला. अप्रामाणिकपणा कबूल केल्यावर बडतर्फी टळेल याची हमी कोणीही देऊ शकत नव्हतं. मग म्हणाला, "साहेब, तुम्ही घरी एकदा बोला."

वहिनींशी, म्हणजे त्याच्या बायकोशी, फोनवर बोललो. गावात बातमी आधीच पोचली होती आणि लोकांनी नोकरी गेली असंच धरलं होतं. वहिनींनी एकच विचारलं: "त्यांनी काही घेतलंय का?" मी म्हटलं, मी कागद पाहिलेत, मला तसं वाटत नाही. "मग कबूल कशाला करायचं?" त्यांनी फोन भावाकडे दिला. ते शाळेत शिक्षक. त्यांना जाणून घ्यायचं होतं, की हा खटला सांगलीच्या किंवा पंजाबातल्या साध्या कोर्टात का नाही. नानावटींचा खटला तर मुंबईत साध्या कोर्टात चालला होता. प्रश्न अगदी बरोबर होता. १९५९ साली नौदलाचे कमांडर नानावटी मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीपुढे उभे राहिले. कोर्ट मार्शलपुढे नव्हे. ते प्रकरण एका नागरिकाच्या खुनाचं होतं. लष्करी कायद्याने आणि फौजदारी कायद्याने, दोन्हींनी गुन्हा ठरणाऱ्या गोष्टीत खटला कुठे चालवायचा हे आर्मी ॲक्टच्या कलम १२५ प्रमाणे आधी लष्करी अधिकारी ठरवतात, आणि न्यायालयाला ते मान्य नसेल तर कलम १२६ खाली शेवटचा शब्द केंद्र सरकारचा. नागरिकाचा खून किंवा नागरिकावर बलात्कार असेल, तर युद्धजन्य सेवा, परदेश किंवा सीमेवरचं ठाणं सोडून कोर्ट मार्शलला तो चालवताच येत नाही. युनिटच्या स्टोअरमधल्या मालाचा मामला मात्र लष्कर स्वतःकडेच ठेवतं.

कोर्ट भरलं ते ब्रिगेडच्या एका कॉन्फरन्स हॉलमध्ये. मधोमध अध्यक्ष, एक लेफ्टनंट कर्नल. दोन्ही बाजूंना दोन सदस्य. बाजूला जॅग या लष्कराच्या कायदा शाखेचे मेजर, जज ॲडव्होकेट म्हणून. जनरल कोर्ट मार्शलला जज ॲडव्होकेट असावाच लागतो, डिस्ट्रिक्टला असला तर असतो. आम्हाला मिळाला, आणि हे गृहस्थ कायद्याला धरून चालणारे होते. ते मत देत नाहीत, कायदा काय हे सांगतात.

पहिलं काम हरकतीचं. कलम १३० प्रमाणे प्रत्येक सदस्याचं नाव वाचून आरोपीला विचारतात: यांनी तुझा खटला चालवायला तुझी हरकत आहे का? त्या क्षणी बहुतेक जवान 'नाही' म्हणतात. आमची हरकत होती. सदस्यांपैकी एक कॅप्टन, तूट किती हे ठरवणाऱ्या बोर्डावर बसले होते. बोर्डाच्या कागदांवर त्यांची सही होती. मी उभा राहून तसं सांगितलं. कोर्टात शांतता पसरली. ज्या अधिकाऱ्यावर हरकत घेतली ते आणि आम्ही बाहेर गेलो, उरलेल्या दोघांनी मत दिलं. अशा मतदानात अर्धी मतं जरी हरकतीच्या बाजूने पडली तरी ती मान्य होते. ती मान्य झाली. राखीव सदस्य आत येऊन बसले.

ही हरकत निव्वळ उपचार नाही, हे मला रणजित ठाकूर खटल्याने शिकवलं होतं. जज ॲडव्होकेटच्याच कार्यालयातून त्याची प्रत मिळाली होती. एक सिग्नलमन आधीच शिक्षा भोगत असताना त्याने जेवण्याचा हुकूम मानला नाही, असा आरोप. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याने तक्रार केली होती तेच समरी कोर्ट मार्शलमध्ये बसले, हरकतीबद्दल त्याला विचारलंच गेलं नाही, आणि एक वर्षाची कैद व बडतर्फी झाली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी कारवाई रद्द केली. पक्षपाताची शंका आणि गुन्ह्याच्या मानाने भलतीच मोठी शिक्षा, ही दोन्ही कारणं दिली. त्या निकालाची पानं मी कोर्टाच्या दिवसांत बॅगेत बाळगत होतो.

शपथा झाल्या. आरोप वाचले. हवालदाराने दोन्हींना "कबूल नाही" म्हटलं, आणि आवाज खणखणीत होता.

सरकारी पक्षाचा अधिकारीही माझ्यासारखाच एक कॅप्टन, वकील नव्हे. त्याने आपलं काम प्रामाणिकपणे केलं. लेजर दाखवलं, बोर्डाचा अहवाल दाखवला, साक्षीदार आणले. पूर्वीच्या क्वार्टरमास्टर साहेबांची साक्ष झाली. त्यांनी सांगितलं की स्टोअरची पूर्ण जबाबदारी हवालदाराची होती आणि त्याच्या माहितीशिवाय एक बॅगही बाहेर जाऊ शकत नव्हती. मी उभा राहिलो. ते माझ्यापेक्षा वरिष्ठ होते. मी त्यांना 'सर' म्हणत होतो आणि म्हणत असतानाच प्रश्न विचारत होतो. हवालदाराला जे जमलं नाही ते किती अवघड आहे, हे त्या मिनिटाला मला अंगावर कळलं.

"सर, स्टोअरची चावी रात्री कुठे असते?"

"क्वार्टर गार्डमध्ये."

"आरोपी रजेवर असताना स्टोअर उघडायचं असेल तर हुकूम कोण देतं?"

"क्वार्टरमास्टर. पण रजेत उघडलं नव्हतं."

चावी रजिस्टर मी आधीच पुराव्यात मागवलं होतं. ते त्यांच्या हातात दिलं. तारीख वाचायला सांगितली, मग रजेच्या प्रमाणपत्रावरच्या तारखा. त्यांनी दोन्ही वाचल्या. पुढच्या प्रश्नाला उत्तर आलं, "मला आठवत नाही." मी तिथेच थांबलो. सगळं लिहिलं जात होतं.

स्टोअरमन हा बावीस-तेवीस वर्षांचा शिपाई, सरकारी पक्षाचाच साक्षीदार. सारांशात त्याने फक्त एवढंच म्हटलं होतं, की आपण हवालदाराच्या हाताखाली काम करतो. रजिस्टरमधली स्वतःची सही त्याने ओळखली. कोणाच्या सांगण्यावरून चावी काढली, असं मी विचारलं. तो आधी अध्यक्षांकडे, मग जमिनीकडे पाहत राहिला. दुभाष्याने प्रश्न हिंदीत पुन्हा सांगितला. अध्यक्ष त्याला शांतपणे म्हणाले, "डरो मत. जो हुआ वो बोलो." मग त्याने सांगितलं. साहेबांचा तोंडी हुकूम होता. बॅगा जोडलेल्या लोकांना दिल्या. चिठ्ठीवर त्यांच्या एका नायकाची सही घेतली होती आणि ती चिठ्ठी त्याने ऑफिसात दिली होती.

"हे आधी का सांगितलं नाही?" सरकारी पक्षाने फेरतपासणीत विचारलं.

"साहब, किसी ने पूछा नहीं।"

हवालदारानेही पहिल्या भेटीत मला हेच सांगितलं होतं.

बचावाचं निवेदन हवालदाराने शपथेशिवाय केलं. मराठीत लिहून काढलं, दुभाष्याने सांगितलं. दोन्ही बाजूंची भाषणं झाली, जज ॲडव्होकेटने पुरावा आणि कायदा कोर्टापुढे मांडला. मग सगळ्यांना बाहेर काढून दार बंद. आत मतदान होतं ते सर्वांत कनिष्ठापासून. वरिष्ठाचं मत ऐकून कनिष्ठाने आपलं बदलू नये म्हणून. लष्करी कायद्यात मला सर्वांत आवडणारा नियम हाच. हुद्द्याचं वजन माणसाच्या मतावर पडतं हे तो उघड मान्य करतो आणि त्यावर उपाय करतो. चौकशीच्या तीन पायऱ्यांवर मात्र असा उपाय कोणी केलेला नाही.

निकाल उघड्या कोर्टात वाचला. पहिला आरोप: दोषी नाही. दुसरा: दोषी. लोन रजिस्टरमध्ये त्या बॅगांची नोंद हवालदाराने रजेवरून परतल्यावर करायला हवी होती, असं कोर्टाचं मत पडलं. शिक्षा 'सिव्हिअर रेप्रिमांड', म्हणजे कडक ताकीद. ही शिक्षा कलम ८० खाली सीओंनाच पेशीत देता आली असती. त्यासाठी खटला लागत नव्हता.

आणि तरीही संपलं नव्हतं. वाचताना अध्यक्ष प्रत्येक वाक्यानंतर म्हणाले: मंजुरीच्या अधीन राहून. कलम १५३ प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याने मंजूर केल्याशिवाय अशा कोर्ट मार्शलचा निकाल वैध होत नाही, निर्दोष ठरवणारा निकालसुद्धा. हवालदाराला हे समजावताना मला फार जड गेलं. 'दोषी नाही' हे शब्द ऐकलेला माणूस पुन्हा वाट पाहत बसला. काही आठवड्यांनी कळलं की पहिल्या आरोपाचा निकाल फेरविचारासाठी परत आलाय. कलम १६० खाली मंजुरी देणाऱ्याला असा फेरविचार एकदाच मागता येतो. निरीक्षणं अशी होती, की स्टोअरमनची साक्ष उशिरा आलेली आहे, तिच्यावर किती विसंबायचं हे कोर्टाने पुन्हा पाहावं. तेच तीन अधिकारी पुन्हा बसले. मी पुन्हा उभा राहिलो आणि एकच मुद्दा मांडला: शिपायाचं बोलणं उशिरा आलं असेल, पण चावी रजिस्टर त्या दिवशीच लिहिलं गेलं होतं. दार पुन्हा बंद झालं, पुन्हा उघडलं. कोर्ट आपल्या निकालावर ठाम राहिलं. हुद्द्याने वरच्या अधिकाऱ्याचं निरीक्षण समोर असताना ठाम राहायला धैर्य लागतं. त्या तिघांबद्दल मला आजही आदर आहे.

त्यानंतर मंजुरी आली. बॅगा अखेर कुठे गेल्या हे या खटल्यात निष्पन्न झालं नाही आणि चिठ्ठीही मिळाली नाही.

उरला होता दुसरा आरोप. कडक ताकीद म्हणजे रेकॉर्डवर लाल शाईची नोंद, आणि नायब सुभेदाराच्या बढतीच्या वेळी ती आडवी येते. कलम १६४ खाली आम्ही अर्ज केला, तो फेटाळला गेला. पुढची पायरी ट्रिब्युनल. १९८२ साली लेफ्टनंट कर्नल पृथ्वीपालसिंग बेदी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिलं होतं, की कोर्ट मार्शलविरुद्ध पुरावा तपासणारं एकही अपील नाही, ही मोठी उणीव आहे. ती भरून निघायला कितीतरी वर्षं गेली. २००७ साली आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचा कायदा झाला, ऑगस्ट २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे आणि निवृत्त माणसाला आपण राहतो त्या भागातल्या खंडपीठाकडे जाता येतं. मी हवालदाराला म्हटलं, कलम १५ खाली अपील करा, जमेल ती मदत मी करतो, रजेच्या मुद्द्यावर दुसरा आरोपही टिकणार नाही.

तो नाही म्हणाला. पेन्शन वाचली होती, मुलींची शिक्षणं चालू होती, आणि पुन्हा कागद, तारखा, साहेब लोकांसमोर उभं राहणं त्याला नको होतं. "साहेब, तुम्ही विचारलंत, तेवढं पुरे." तो हवालदार म्हणूनच निवृत्त झाला आणि जतला गेला. त्याचा निर्णय मी समजू शकतो. पण ती लाल नोंद खोडून काढता आली असती असं मला वाटतं, आणि ती तशीच राहिली हे मला आजही मान्य नाही.